आमच्या पट्टीची खंडेनवमी

ताथवड्याच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी संशोधन करते, तिथे जिन्याखाली एक खोली आहे. खिडक्यांना काळा कागद, दाराला आतून काळा पडदा आणि छताला एकच लाल दिवा. या खोलीबद्दल कॉलेजात काय काय बोललं जायचं ते मी ऐकून सोडून दिलंय. वॉचमनला वाटायचं इथे फोटो धुतात, त्यामुळे पासपोर्टचे फोटो काढून मिळतील का असं विचारायला अधूनमधून कुणीतरी यायचंच. पहिल्या वर्षाच्या काही जोड्यांना वाटायचं की एवढी अंधारी, निवांत जागा कॉलेजने खास आपल्याच सोयीसाठी ठेवली आहे. ती बिचारी दबकत दार ढकलायची आणि आतून मी ओरडायचे, "दार लावा आधी!" मग दार लागायचं आणि पळणाऱ्या चपलांचा आवाज यायचा. मी ओरडते हे खरं आहे. पण दार उघडलं की बाहेरचा उजेड आत येतो, आणि उजेड आत आला की माझं केलेलं काम वाकडं होतं. शब्दशः वाकडं.

मी करते काय ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आम्ही रबरासारखी मऊ, केशरी रंगाची पातळ पट्टी बनवतो. तिच्यावर निळा प्रकाश पडला की ज्या बाजूवर तो पडतो ती बाजू आखडते आणि पट्टी प्रकाशाकडे वळते. प्रकाश काढला की थोड्या वेळाने पुन्हा सरळ. वायर नाही, मोटर नाही, बॅटरी नाही. लाल दिव्याखाली मात्र ती झोपल्यासारखी पडून राहते, म्हणून खोलीत लाल दिवा. दिघीला आमच्या घरी मी ही पट्टी आईला दाखवली तेव्हा ती म्हणाली, "लाजाळूचं झाड आहे की हे." इतकं नेमकं वर्णन आमच्या एकाही शोधनिबंधात नाही. पण आईने शेजारीपाजारी काय सांगावं, तर मुलगी लाईटवर काम करते. झालं. तेव्हापासून सोसायटीतल्या बायका जिन्यात अडवून मला वाढीव वीजबिलं दाखवतात.

तर ही खोली जाणार होती. नव्या प्राचार्यांनी एकदा आत येऊन पट्टी पाहिली, दोनदा वळवून घेतली, हसले आणि म्हणाले, "छान आहे खेळणं." मग आमच्या सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, केबिनमध्ये बोलावून सांगितलं की प्लेसमेंट सेलला जागा हवी आहे. दिवाळीपर्यंत एखादी कंपनी 'हे आम्हाला उपयोगाचं आहे' असं म्हणाली तर खोली ठेवू, नाहीतर द्या मोकळी करून. सर अत्यंत सज्जन माणूस. कुणी पायावर पाय दिला तर हेच सॉरी म्हणणार. ते "हो सर, बरोबर आहे सर" म्हणून परत आले. दुसऱ्याच दिवशी एसी कुठे बसवायचा ते पाहायला टेप घेऊन एक माणूस हजर. त्याने दार सताड उघडं ठेवलं आणि मांडलेल्या सगळ्या पट्ट्या वळून त्याच्याकडे बघायला लागल्या. मला अशा वेळी रडू येत नाही, राग येतो. एवढ्या वर्षांचं काम त्या खोलीत होतं आणि ती खोली गेली तर हे काम करायला दुसरी जागा कुठे नव्हती. व्हरांड्यात बसून तर करता येत नाही ना.

मग सरांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे तरी शब्द टाकला. त्यांच्या ओळखीतून चाकणला गाड्यांचे हेडलॅम्प बनवणारी एक कंपनी मिळाली. हेडलॅम्पच्या आत आरशासारखी चकचकीत वाटी असते. तिला बोटाचा ठसा उमटला तरी ती भंगारात जाते. आम्ही आमच्या पट्ट्यांचा एक मऊ पंजा केला होता, तीन पाकळ्यांचा. मधोमध निळा दिवा. दिवा लावला की पाकळ्या आत मिटतात आणि वस्तू अलगद धरतात. ठसा नाही, ओरखडा नाही. कंपनीचे प्लांटचे साहेब म्हणाले, या आणि दाखवा. पण लाईन चालू असताना तुम्हाला कुणी उभंसुद्धा राहू देणार नाही. लाईन बंद असते ती खंडेनवमीला. त्या दिवशी या.

खंडेनवमीला कारखाने मशीनची पूजा करतात, हे मला काय कुणी सांगायला नको होतं. या कारखान्यांच्या पट्ट्यात वाढलेल्या कुणालाही ते माहीत असतं. पण ज्या दिवशी सगळ्या मशीनची पूजा होते त्या दिवशी आपण एक मशीन घेऊन चाललो आहोत, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

पंजा उजेडापासून जपायचा म्हणून मी तो आईच्या स्टीलच्या डब्यात ठेवला होता, तोच डबा ज्यात एरवी चकल्या असतात. सरांच्या गाडीतून निघालो. रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकला, जेसीबीला, पाण्याच्या टँकरला झेंडूच्या माळा. मोशीच्या पुढे नेहमीसारखं ट्रॅफिक ठप्प झालं. सर स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाले, "नाही झालं तर नाही झालं, काय?" मी म्हटलं, "सर, तुम्ही काहीही बोलू नका." त्यांनी माझं ऐकलं आणि चाकणपर्यंत एक शब्द काढला नाही. ते जास्तच त्रासदायक झालं.

गेटवर सिक्युरिटीने डबा उघडायला सांगितला. मी म्हटलं, उघडता येणार नाही. तो म्हणाला, खायचं आत न्यायला मनाई आहे. मी म्हटलं, खायचं नाही. तो म्हणाला, मग तर उघडावाच लागेल. त्याचं म्हणणं अगदी रास्त होतं आणि म्हणूनच मला जास्त राग आला. त्याने झाकण काढलं. वर कडक ऊन. पंजाच्या तिन्ही पाकळ्या सावकाश उठून त्याच्या दिशेने वळल्या.

तो दोन पावलं मागे सरकला. "मॅडम, हे जिवंत आहे का?"

"नाही."

"मग हलतंय कसं?"

"तुम्ही उजेड पाडलात म्हणून."

त्याने काठीच्या टोकाने झाकण परत लावलं आणि रजिस्टरमध्ये काय लिहायचं याचा बराच विचार केला. शेवटी 'डबा' एवढंच लिहिलं.

आत गेलो तर शॉपफ्लोअरवर लग्नघर. मशीन धुऊनपुसून लख्ख, प्रत्येकावर कुंकवाचं स्वस्तिक, हार, समोर नारळ. एका टेबलावर लाल कापड अंथरून त्यावर पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, व्हर्निअर, सगळी हत्यारं ओळीने मांडलेली आणि प्रत्येकावर एकेक फूल. फोर्कलिफ्टला हार, रोबोटच्या हाताला हार, अग्निशामक नळकांड्याला आणि कॉफीच्या मशीनलासुद्धा हळदकुंकू. सगळी मंडळी नव्या कपड्यांत, एरवी युनिफॉर्ममध्ये असलेली, त्यामुळे एकमेकांकडे बघून लाजत होती.

या सगळ्याची सूत्रं एका म्हाताऱ्या सुपरवायझरकडे होती. सगळे त्यांना मामा म्हणत. मूळचे तिथल्याच गावचे. कंपनी उभी राहिली ती त्यांच्या भावकीच्या रानात. त्याला आता कितीतरी वर्षं झाली, तरी मामा मशीनला नंबरांनी ओळखत नाहीत. "इहिरीजवळचं मशीन," "बाभळीखालचं मशीन" असंच म्हणतात. विहीर नाही, बाभूळ नाही, वर पत्रा आणि खाली गुळगुळीत काँक्रीट. पण नवीन लागलेला बिहारी ऑपरेटरही आठवड्याभरात बाभळीखालच्या मशीनवर बरोब्बर जाऊन उभा राहतो. मामांनी आम्हाला एका टेबलापाशी नेलं आणि म्हणाले, "हितं मांडा तुमचं. साहेब हापिसातली आरती उरकून येत्याल. तवर प्रसाद घ्या."

त्या कोपऱ्यातले दिवे मी बंद करायला लावले, डबा उघडला आणि पंजा टेबलावर उताणा ठेवला. तीन पाकळ्या पसरून, वर तोंड करून, फुलासारखा. मग आम्ही शिरा खायला गेलो. शिरा उत्तम होता. केळं घातलेला. सरांनी दुसऱ्यांदा घेतला आणि आरती लांबली. मीही घेतला, खोटं कशाला बोलू.

परत येऊन बघते तर पंजाच्या मधोमध झेंडूचं फूल आणि तिन्ही पाकळ्यांवर कुंकू.

माझं डोकंच फिरलं. "हे कुणी केलं?"

"मी," मामा शांतपणे म्हणाले. त्यांच्या हातात हळदकुंकवाची वाटी होतीच.

"अहो, असं कसं विचारल्याशिवाय लावलंत? हे काय फोर्कलिफ्ट आहे का?"

सर मध्ये पडले. "असू द्या, असू द्या, पुसून घेऊ." आणि खिशातून रुमाल काढून, टेबलावरचं स्पिरिट घेऊन त्यांनी तिन्ही पाकळ्या मनापासून पुसल्या. कुंकू गेलं. पाकळ्या पूर्वीसारख्या केशरी दिसायला लागल्या. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात साहेब आले, नवा कुर्ता, कपाळाला गंध, मागे चारसहा इंजिनिअर. मी पंजा स्टँडला टांगला, खाली हेडलॅम्पची चकचकीत वाटी ठेवली, सगळं थोडक्यात समजावलं आणि दिवा लावला.

एक पाकळी ढिम्म. दुसरी ढिम्म. तिसरी तेवढी वाकली, तीही अर्धवट, 'जरा इकडे या' म्हणून कुणी एका बोटाने खुणावतं तशी. साहेब खरोखरच एक पाऊल पुढे आले.

मी दिवा बंद केला, चालू केला. तसंच. मागून कुणीतरी हसू दाबलं. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला, ते घाबरले की हेच करतात. आणि माझ्या डोळ्यांपुढे तो टेप घेतलेला माणूस उभा राहिला. मी वाकून पाकळीच्या अगदी जवळ नाक नेलं. हळदीचा वास.

"मामा," मी म्हटलं, "कुंकवाखाली हळद लावली होती?"

"मग? नुसतं कुंकू कोन लावतं?"

"किती?"

"चांगली बोटं वढली की. वरपासून खालपर्यंत. तिसऱ्याला जरा कमी पडली."

हळद. पट्टी केशरी, तिच्यावर हळद दिसणार कशी. आणि हळद पिवळी दिसते ती निळा प्रकाश गिळते म्हणूनच. त्यात सरांचं स्पिरिट. स्पिरिटने हळद निघत नाही, विरघळते आणि पसरते. सरांनी रुमालाने ती पाकळीभर छान मुरवली होती. आता माझा निळा दिवा हळदीवर पडत होता आणि तिथेच संपत होता. पट्टीला तो लागलाच नव्हता.

मग मात्र मी बोलले. साहेब उभे होते, सणाचा दिवस होता, समोर वडिलांच्या वयाचा माणूस होता, पण मी बोलले. वर्षानुवर्षं केलेलं काम असतं, उचलली बोटं आणि फासली हळद असं करायचं नसतं, प्रत्येक गोष्ट काय पूजेला बसवण्यासाठी असते का, वगैरे. मामांनी ऐकून घेतलं. मग वाटी टेबलावर ठेवून म्हणाले, "मशीन हाय म्हनूनच लावलं ना, ताई. खेळनं आसतं तर कशाला लावलं आसतं?"

  कॉलेजात, घरी, नातेवाइकांत, इतक्या वर्षांत त्या पट्टीला कुणी मशीन म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी 'नमुना' म्हणायचे.

डोकं जरा थंड झालं तसं सुचलं. हळद आतल्या बाजूला लागली आहे. पाठ स्वच्छ आहे. पाकळ्या सोडवून उलट्या बसवल्या की झालं. प्रत्येक पाकळी एकेका बारीक स्क्रूने धरलेली. "एक स्क्रू-ड्रायव्हर द्या," मी म्हटलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एवढा मोठा कारखाना, हत्यारांनी भरलेला, आणि एक स्क्रू-ड्रायव्हर मिळेना. सगळे लाल कापडावर, फुलं वाहिलेले. पूजेला बसवलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं. मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मामांकडे पाहिलं. प्लांट त्यांचा होता, पण ते टेबल मामांचं होतं. सरांनी गाडीची किल्ली पुढे केली. ती स्क्रूत बसेना. एका इंजिनिअरने शिऱ्याचा चमचा आणला, तो वाकला. मी नखाने सुरुवात केली आणि नख मोडलं.

मामा बराच वेळ बघत होते. मग त्या टेबलापाशी गेले. चपला काढल्या. एका स्क्रू-ड्रायव्हरपुढे हात जोडून काहीतरी पुटपुटले, त्याच्यावरचं फूल उचलून शेजारच्या पकडीवर ठेवलं आणि तो आणून माझ्या हातात दिला. "त्येला सांगितलंय मी," म्हणाले, "बाईंच्या मशीनचं अडलंय. घ्या बिगीबिगी, परत बसवायचाय त्येला."

मी पाकळ्या उलट्या बसवल्या. दिवा लावला. तिन्ही पाकळ्या सावकाश, आब राखून मिटल्या, वाटी धरली आणि मी स्टँडचा दांडा वर घेतला तशी वाटी अलगद वर आली. खाली ठेवली. ठसा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांच्या डोळ्यांत पाणी, लगेच चष्मा पुसायला.

साहेब मात्र घड्याळ बघत होते. "सुंदर आहे," ते म्हणाले, "पण मॅडम, एवढ्या वेळात आमच्या लाईनवरून अख्खी रांग निघून जाते. प्रॉडक्शनमध्ये हे नाही चालणार. सॉरी." ते खरंच होतं. आमची पट्टी घाईत नसते. मी मान हलवली आणि डब्याचं झाकण शोधायला लागले. खोली गेली, एवढंच डोक्यात होतं. सर हळूच म्हणाले, "नाही झालं तर नाही झालं," आणि झाकण शोधून माझ्या हातात दिलं.

जाता जाता साहेबांनी सहज विचारलं, "पण मघाशी का नाही वळलं? नुसत्या हळदीने?"

मी आधीच वैतागलेले. म्हटलं, "प्रकाश पोचलाच नाही तर वळेल कसं? जिथे पोचला तिथे वळणार, जिथे नाही पोचला तिथे ढिम्म राहणार. अर्धा पोचला तर अर्धंच वळणार, बघितलंत ना ते तिसरं? त्याला फसवता येत नाही, साहेब. तुम्ही आम्ही म्हणू पोचला असेल. ते नाही म्हणणार."

साहेब थांबले. "परत सांगा."

मी परत सांगितलं, या वेळी जरा कमी तावातावाने. मग ते आम्हाला बाभळीखालच्या मशीनच्याही पलीकडे, एका काचेच्या बोगद्यासारख्या खोलीपाशी घेऊन गेले. हेडलॅम्पच्या पुढच्या काचेवर एक पारदर्शक लेप देतात, तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जंबुपार, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, प्रकाशाखाली पक्का होतो. काच सरळ असती तर प्रश्न नव्हता. पण हल्लीच्या गाड्यांचे डोळे असे तिरपे आणि कोनाकोनाचे की एखाद्या खाचेत प्रकाश पोचत नाही. तिथला लेप कच्चा राहतो आणि सहा महिन्यांनी गिऱ्हाईक पिवळी पडलेली काच घेऊन येतं. कुठे पोचला आणि कुठे नाही, हे आधी कळायला त्यांच्याकडे सोपा मार्ग नव्हता. सर एकदम जागे झाले. तो प्रकाश आमच्या पट्टीला निळ्यापेक्षाही जास्त आवडतो. त्यांनी जन्मात पहिल्यांदा साहेबांचं वाक्य मध्ये तोडलं. "प्रत्येक खाचेत नखाएवढी पट्टी चिकटवू. बाहेर आल्यावर जी वळली नसेल, तिथे सावली."

"किती वेळ घेते त्याने काही बिघडणार नाही," साहेब म्हणाले. "हे लाईन सुरू करण्याआधीचं काम आहे. मी कळवतो तुमच्या प्राचार्यांना."

आणि त्यांनी खरंच कळवलं. प्राचार्यांनी आम्हाला बोलावून अभिनंदन केलं आणि म्हणाले, की त्यांना पहिल्यापासून या विषयात दम वाटत होता. सर "हो सर, बरोबर आहे सर" म्हणाले. मी काही बोलले नाही. त्याचंही श्रेय कधीतरी कुणीतरी मला द्यावं.

यंदाच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी खोलीच्या दारावर टकटक झाली. टकटक करून थांबणारं आमच्याकडे कुणी येत नाही, म्हणून मी ओरडलेच नाही. पट्ट्या झाकल्या, पडदा बाजूला करून दार किलकिलं केलं तर मामा. कंपनीच्या गाडीतून नव्या काचा घेऊन आले होते. एका हातात खोकं आणि दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली वाटी. आत आले, लाल अंधारात डोळे बारीक करून सगळीकडे बघितलं. आवाज बारीक करून म्हणाले, "उद्या आमच्याकडं गडबड आसती. म्हनलं हितलं आजच उरकावं. कुठं लावू, ताई? कुठं चालंल?"

वर्षभर तो माणूस त्या एका गोष्टीचा विचार करत असला पाहिजे. मी चहूकडे पाहिलं. दिव्याला नको, टेबलाला नको, पट्ट्यांच्या तर आसपासही नको. "दाराला लावा," मी म्हटलं. "आतून."

त्यांनी पांढऱ्या दारावर हळदीची बोटं ओढली, वर कुंकू लावलं आणि गोंधळून मागे सरले. लाल दिव्याखाली लाल कुंकू दिसत नाही, पांढऱ्यावर तर मुळीच नाही, आणि हळदही नाही. दार कोरंच्या कोरं. मामांनी बोटाकडे बघितलं, वाटीत बघितलं, परत दाराकडे बघितलं. "लागलं न्हाई का काय?"

"लागलंय."

"मला दिसंना."

सर कोपऱ्यातून समजावून सांगणार होते, मी त्यांना हातानेच थांबवलं. उरलेल्या पट्ट्या डब्यात घातल्या, झाकण घट्ट लावलं आणि एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा ते दार स्वतःहून सताड उघडलं. व्हरांड्यातला दुपारचा उजेड आत आला. मामांनी मान वाकडी करून दार नीट बघून घेतलं आणि चपला काढल्या.